माझी बहिरी बाजू

मी एक माइक आहे. सभेतला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. सभेतल्या माइकची मानगूट धरून लोक त्याला गदागदा हलवतात, त्याचं दुखणं वेगळं. मी रेडिओवरच्या जाहिरातींचा माइक. साबण, छत्र्या, कुलुपं, गाद्या, ढेकणांची पावडर, म्हणाल ते माझ्यातून विकलं गेलंय. जन्मभर थापा ऐकल्या, पण तक्रार म्हणाल तर नाही. उलट ज्यांचे आभार मानायचे राहून गेले अशीच माणसं जास्त आहेत. त्यातल्या एकांबद्दल मुख्यतः सांगायचंय, पण आधी थोडं माझं स्वतःचं ऐका.

माझ्या पोटात ॲल्युमिनियमची एक पट्टी आहे, चुण्या घातलेली आणि कागदाहूनही कितीतरी पातळ. लोहचुंबकाच्या दोन तुकड्यांमध्ये ती टांगलेली असते. आवाज आला की ती हलते, आणि ते हलणं मी तारेतून पुढे पाठवतो. एवढंच माझं काम. ती पट्टी कारखान्यातल्या एका बाईनं बसवली. चिमट्यात पट्टी धरली की ती श्वास रोखायची, कारण जरा जोरात श्वास सुटला तरी पट्टी उडालीच. शेजारची बाई तिला आपल्या सुनेचं काहीतरी चटकदार सांगत होती, पण ही हूं की चूं करेना. पट्टी बसली, स्क्रू आवळले गेले, तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला आणि म्हणाली, "हं, आता सांग, मग काय म्हणाली सून?" मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. सून काय म्हणाली ते मला आजतागायत कळलेलं नाही, कारण लगेच मला खोक्यात घातलं.

माझ्या जातीच्या माइकची एक खोड असते. मला पुढून छान ऐकू येतं, मागूनही छान ऐकू येतं, पण दोन्ही बाजूंना मी ठार बहिरा. बाजूला उभं राहून कुणी कितीही कंठशोष केला तरी तो मला थेट पोचत नाही. भिंतीवर आपटून जेवढा परत येईल तेवढाच ऐकू येतो.

या खोडीपायी माझी पहिली नोकरी गेली. ती बातम्यांच्या खोलीत होती. बातम्या वाचणाऱ्या गृहस्थांना दर मिनिटाला भिंतीवरचं घड्याळ बघायची सवय. त्यासाठी ते खुर्चीवरून एका अंगाला झुकायचे, नेमके माझ्या बहिऱ्या बाजूला. एकदा पुराची बातमी सांगता सांगता त्यांचा आवाज असा काही दूर गेला, की ऐकणाऱ्यांना वाटलं हेही वाहून गेले. चूक घड्याळाची, पण 'सदोष' अशी चिठ्ठी माझ्या गळ्यात पडली आणि माझी रवानगी जाहिरातींच्या स्टुडिओत झाली. त्या गृहस्थांचे मी मनापासून आभार मानतो. ते सरळ बसले असते तर मी बातम्यांतच म्हातारा झालो असतो.

हा स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. तीन भिंतींना जाड गालिचे ठोकलेले, चौथी आवाज आपटून परत यावा म्हणून मुद्दाम उघडी ठेवलेली. मध्ये मोठी काच, काचेपलीकडे टेपची यंत्रं. पलीकडच्यांना आमच्याशी बोलायचं असेल तर ते एक बटण दाबायचे, की त्यांचं बोलणं आमच्या खोलीतल्या छोट्या स्पीकरमधून यायचं. बटण सोडलं की आमचा त्यांचा संबंध संपला.

यंत्रांवर बसायचे ते ध्वनिमुद्रक. त्यांना सगळे वीतमास्तर म्हणत. कुणीही बोलायला उभं राहिलं, की हे बाहेर यायचे आणि आपला पंजा ताणून बोलणाऱ्याच्या ओठांपासून माझ्यापर्यंत मोजायचे. फूटपट्टी खिशात असायची, पण ती पाठ खाजवायला. पहिल्याच दिवशी ते माझ्याभोवती टाळ्या वाजवत फिरले. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. बाजूला आल्यावर टाळी बुडाली तसे ते थांबले. मला वाटलं, झालं, इथूनही हकालपट्टी. तर स्वतःशीच खूश होऊन म्हणाले, "अरे वा, हा तर कामाचा आहे."

विनोद शब्दांत असतो असं लोकांना वाटतं. वीतमास्तरांचं म्हणणं, तो माणूस कुठे उभा आहे त्यात असतो. एका वितीवरून बोललं की ऐकणाऱ्याला वाटतं हा माझ्या कानात सांगतोय, फक्त मला. चार बोटांवर आलं की ते गुपित होतं, आवाजही जरा खर्जात जाऊन भारदस्त होतो. हातभर मागे सरकलं की चारचौघांतलं बोलणं. तीन पावलांवर दुसरी खोली. आणि माझ्या बहिऱ्या बाजूला जाऊन उघड्या भिंतीकडे तोंड केलं, की माणूस थेट परसदारी पोचतो, मग तो प्रत्यक्षात कितीही जवळ असो. श्रोत्याला यातलं काही दिसत नाही, पण अख्खं घर त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहतं.

कुलपाची जाहिरात सांगतो म्हणजे कळेल. नवरा एका वितीवरून ऐटीत म्हणतो, "आमच्या घरात सगळं माझ्या शब्दावर चालतं." तीन पावलांवरून बायको विचारते, "कुणाशी बोलताय?" नवरा चार बोटांवर येतो आणि श्वास रोखून म्हणतो, "नंतर बोलू." बस्स. लिहिलेल्या कागदावर त्यात हसण्यासारखं काही नाही. पण ती लागली की दुकानांतली माणसं वजन करायची थांबत.

तो नवरा म्हणजे आबा, आणि बायको म्हणजे वहिनी. दोघं बावीस वर्षं, एक माझ्या पुढे आणि एक मागे, मला मध्ये घेऊन, समोरासमोर उभी राहिली. रेडिओवर त्यांनी शेकडो संसार केले, भांडणं केली, गाद्या बदलल्या, ढेकूण मारले. प्रत्यक्षात आबांचं घर वेगळं, वहिनींचं वेगळं. पण रस्त्यात त्यांचा आवाज ओळखून लोक विचारत, "मिसेस दिसल्या नाहीत बरोबर?" आबांच्या खऱ्या बायकोलाही याची सवय झाली होती. ती म्हणायची, तिकडची ऐकून घेते म्हणून इकडे शांत असतात, चालू द्या.

आबा बुटके, जाड भिंगाचा चष्मा, पायात कुरकुरणारे बूट, म्हणून ते बूट काढून मोज्यांवर उभे राहायचे. एका मोज्याला हमखास भोक. आवाज असा, की साधं 'बरं' म्हणाले तरी त्यात हार मानलेला नवरा दिसायचा. मी त्यांना पुढून ऐकत होतो आणि वहिनींना मागून. असं भाग्य सगळ्या माइकांच्या वाट्याला येत नाही.

एकविसाव्या वर्षी मला जाणवलं, की आबांचा आवाज चढतोय. आधी थोडा, मग बराच. चार बोटांवरचं गुपित ते हातभर अंतराच्या आवाजात सांगू लागले. माझी पट्टी थरथरायची. कान गेला की माणसाला स्वतःचा आवाज कमी वाटतो, मग तो वाढवत नेतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी गप्प राहिलो. राहणारच.

मग दिसलं, की वीतमास्तर हल्ली आबांसाठी पंजा लावतात तो जरा जास्तच ताणून. वीत वाढत वाढत दीड वीत झाली, पुढे दोन झाल्या. आबांना म्हणायचे, माइक जुना झालाय, त्याला जवळचं सोसत नाही. माझ्या नावावर खोटं खपवलं, पण राग आला नाही.

आणि वहिनी. त्या आपलं वाक्य संपवताना ओठ मोठे करायच्या आणि हनुवटी किंचित उचलायच्या. पूर्वी हे नव्हतं. आबांची नजर कागदावर नसायचीच, ती वहिनींच्या ओठांवर. हनुवटी वर गेली की आबा बोलायला लागायचे, एका क्षणाचाही फरक नाही. आबांना वाटायचं कुणालाच कळलेलं नाही. वहिनींना वाटायचं आपल्याला एकट्यांना कळलंय. मास्तरांनाही तसंच वाटायचं. तिघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि मी मधोमध उभा. दीड वर्ष हे असं चाललं.

मग एका सकाळी पंखेवाले साहेब आले. त्यांच्या कारखान्यानं आवाज न करणारा पंखा काढला होता. साहेब स्वभावानं वाईट नव्हते, पण त्यांना प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघायची असे, रेडिओची जाहिरातसुद्धा. म्हणाले, दोघांनी काचेकडे तोंड करून शेजारी शेजारी उभं राहावं, म्हणजे मला चेहरे दिसतील. मास्तरांनी समजावून पाहिलं. वहिनींनी तर माझ्या पाठीमागून हलायलाच नकार दिला. पण पैसे मोजणारे साहेब, त्यांच्यापुढे कुणाचं चालणार? दोघं माझ्या पुढे, एकमेकांच्या शेजारी उभी राहिली. आबांना आता वहिनींचे ओठ दिसत नव्हते.

कागदावर असं लिहिलं होतं, की नवरा अगदी हलक्या आवाजात म्हणतो, "किती शांत वाटतंय ना?" वहिनींनी आपलं वाक्य सुरू केलं. ते निम्म्यात असतानाच आबा माझ्या अगदी जवळ येऊन ओरडले, "किती शांत वाटतंय ना!"

माझी पट्टी कशी वाचली देव जाणे. काचेपलीकडे साहेब खुर्चीतून उठले. पुन्हा घेतलं. या वेळी आबा उशिरा बोलले, आणि तेवढ्याच मोठ्यानं. तिसऱ्यांदा वहिनींनी त्यांच्या बाहीला हळूच हात लावला तो काचेतून साहेबांना दिसला. साहेबांनी बटण दाबून विचारलं, "यांना ऐकू येत नाही का? तसं असेल तर दुसरं कुणीतरी बोलवा, मला वेळ नाही." छोट्या स्पीकरमधून हे शब्द खोलीत आले. आबांनी ते ऐकले नाहीत. त्यांनी वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाला पुसला. मग म्हणाले, "दीड वर्ष झालं. डावा गेलाय, उजवा जातोय. तुमच्यापासून लपवलं, चुकलं माझं."

"मला माहीत होतं," वहिनी त्यांच्या समोर जाऊन, ओठ मोठे करून म्हणाल्या. एवढ्यात मास्तर आत आले होते. त्यांनीही मान हलवली. "मलाही."

आबा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांना बरं वाटलं नाही. चेहरा पडला. "म्हणजे दीड वर्ष तुम्ही मला सांभाळून घेताय," ते म्हणाले. "मी चांगलं करतोय असं समजत होतो मी."

 मग आबा बूट घालायला वाकले आणि तसेच वाकून थांबले. सरळ झाले तेव्हा चेहऱ्यावर मी बावीस वर्षं ओळखत होतो तो रेडिओवरचा नवरा होता. म्हणाले, "मास्तर, जाहिरातीतल्या या नवऱ्याला ओरडू द्या की. याच्या घरी वीस वर्षं खडखडणारा पंखा होता. त्याच्यावरून ओरडायची सवय लागलीय. पंखा बदलला, हा कसा बदलेल?"

 वीतमास्तरांनी आबांचे खांदे धरून त्यांना पाच पावलं नेलं, थेट माझ्या बहिऱ्या बाजूला, आणि उघड्या भिंतीकडे वळवून उभं केलं. आता त्यांनी छप्पर फाडलं असतं तरी माझ्यापर्यंत परसदारातल्यासारखा बारीक आवाज आला असता. वहिनी माझ्या पुढे एका वितीवर आल्या. आबांना तिरक्या नजरेनं दिसेल असा त्यांनी आपला डावा हात बाजूला धरला, हात वर गेला की बोलायचं. निघता निघता मास्तरांनी आबांना खुणेनंच विचारलं, लोक तुमच्यावर हसतील, चालेल? आबा म्हणाले, "हसलेच पाहिजेत. नाहीतर मी इथे कशाला?"

टेप सुरू झाली. आबा लांबून गरजले, "अगं ऐकलंस का! नवीन पंखा लावलाय! आता एकदम शांतता!"

वहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "वीस वर्षं आमच्याकडे जुना पंखा होता. सवय लागलीय यांना."

"काय म्हणालीस?"

"काही नाही." मग त्या चार बोटांवर आल्या, सुस्कारा सोडला. "पंखा निदान बदलता तरी येतो."

"काऽय?"

"चहा ठेवते म्हटलं!"

आता घोटाळा काय झाला तो नीट ऐका. 'पंखा निदान बदलता तरी येतो' या वाक्यावर काचेपलीकडे साहेब हसले, साधे नाही, टेबलावर हात आपटून. वीतमास्तर तर पोट धरून पुढे झुकले आणि त्यांचं कोपर त्या बटणावर पडलं. दोघांचं हसणं छोट्या स्पीकरमधून आमच्या खोलीत धो धो आलं, माझ्यात शिरलं आणि टेपवर गेलं. टेक वाया गेला. मास्तरांनी डोळे पुसत बोटानं खूण केली, परत.

भिंतीकडे तोंड केलेल्या आबांना हसणं ऐकू आलं नव्हतं. वळून बघेपर्यंत साहेब रुमालात तोंड खुपसून बसले होते. आबांना दिसलं ते एवढंच, मास्तरांचं ते बोट. परत. म्हणजे जमलं नाही.

दुसऱ्या वेळी सगळ्यांनी हसू दाबून धरलं. टेक उत्तम झाला. वहिनींनी आबांना समजावलं, की पहिल्या वेळी साहेब आणि मास्तर हसले म्हणून बिघडलं, खरंच. आबांनी मान डोलावली. ती मान कशी डोलावतात ते मला माहीत होतं. दीड वर्ष सांभाळून घेणाऱ्यांच्या शब्दावर ते आता कसा विश्वास ठेवणार?

सगळे साहेबांना निरोप द्यायला पलीकडे गेले. आबा एकटेच मागे राहिले. बूट हातात घेऊन माझ्यापाशी आले, बरोबर एका वितीवर थांबले आणि त्यांच्या समजुतीनं अगदी कुजबुजत, म्हणजे आपल्या-तुपल्या साध्या आवाजात, म्हणाले, "हे सगळे चांगले आहेत रे, खरं सांगणार नाहीत. तू सांग. हसले का? की मी आता जावं घरी?"

काय सांगू तुम्हाला माझी दशा. मला सगळं माहीत होतं, नुकतंच माझ्यातून गेलं होतं. पण मला तोंड नाही. आबांनी माझ्या जाळीवर दोन बोटं ठेवली आणि ते गेले.

पण गडबडीत मास्तर टेप बंद करायला विसरले होते. मी काही सांगू शकलो नाही तरी ऐकलेलं पुढे पाठवणं माझ्या हातात होतं, आणि ते मी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेपचं शेपूट कापताना वीतमास्तरांना आबांचा आवाज सापडला. त्यांनी ते दोनदा ऐकलं. मग आबांच्या घरी फोन लावला. दुपारी आबा आले. त्यांचा चेहरा निरोप घ्यायला आलेल्या माणसाचा होता. मास्तरांनी त्यांना कधी नव्हे ते यंत्रांपुढे, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि वाया गेलेला पहिला टेक लावला. काय लावलंय ते सांगितलं नाही. फक्त जाहिरातीचा कागद त्यांच्या हातात दिला आणि आवाज किती मोठा ते दाखवणाऱ्या यंत्रावरच्या काट्याकडे बोट दाखवलं. वहिनी मधल्या उघड्या दारात उभ्या होत्या, म्हणून मला पलीकडचं ऐकूही येत होतं. मी काचेतून बघत होतो.

बावीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला काटा वाचता येतो. आबा गरजले तिथे काटा जेमतेम निम्म्यावर गेला. वहिनी कुजबुजल्या तिथे मजेत वर आला. आबा कागदावर बोट ठेवून एकेक वाक्य जुळवत होते. 'पंखा निदान बदलता तरी येतो.' बोट त्या ओळीच्या शेवटी पोचलं, आणि काटा एकदम टोकाला जाऊन आपटला. तिथेच थडथडत राहिला.

आबांनी कागद पाहिला. काटा पाहिला. "इथे कुणाचं वाक्य आहे?"

"कुणाचंच नाही," मास्तर म्हणाले. ओठ मोठे करून, वहिनींसारखे.

आबांना समजायला एक क्षण लागला. काट्याला कुणाला सांभाळून घेता येत नाही. "परत लावा," ते म्हणाले. मास्तरांनी लावलं. काटा पुन्हा आपटला. आबा तिसऱ्यांदा बघत असताना त्यांचा चष्मा ओला झाला, पण तो पुसायला ते थांबले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदावर त्या ओळीखाली एक रेघ मारली आणि दाराकडे वळून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही इथे घाई केलीत! हसणं संपू द्यायचं, मग चहा ठेवायचा!"

वहिनी हसत हसत रडल्या. आबांनी त्यानंतर चार वर्षं माझ्या बहिऱ्या बाजूला उभं राहून काम केलं. लांबून ओरडणारा तो नवरा लोकांच्या घरातला माणूस होऊन गेला.

आता मी मास्तरांच्या घरी, पुस्तकांच्या फळीवर असतो. पाहुण्यांपैकी कुणीतरी 'चालतो का बघू' म्हणून माझ्यावर जोरात फुंकलं आणि माझी पट्टी तुटली. तेवढं सोडून मी मजेत आहे. विनंती एकच, माझ्या भाऊबंदांवर फुंकू नका, फार लागतं.

श्वास रोखणाऱ्या त्या बाईचे आभार, घड्याळ बघणाऱ्या गृहस्थांचे आभार, मास्तरांच्या पंजाचे आणि वहिनींच्या डाव्या हाताचे आभार. आणि आबा, तुमचे सगळ्यांत जास्त. माझ्यात बोलणारे हजारो भेटले. मला काही विचारणारे तुम्ही एकटेच. हो आबा, हसले. पोट धरून हसले.